बांबूवरची रेंज

“इथं नको पोरी, इथं रेंज नाय. तिकडं चल.”

जमनामावशीने मेघालीचा दंड धरला आणि तिला घरामागे, बोंबील वाळत घालायच्या बांबूंपाशी नेलं. बोंबलांच्या रांगेशेजारी प्लास्टिकच्या सात पिशव्या बांधल्या होत्या. प्रत्येकीत एक मोबाइल.

“आमचा घिवलीचा टावर! निळी पिशवी माझी. तुझं मशीन लाव इथं, पास होशील.”

मेघालीला हसू आलं आणि लगेच विरलंही. फिजिक्समध्ये बीएस्सी केल्यापासून दोन वर्षं ती मोबाइल कंपन्यांसाठी गावोगावी रेंज मोजत होती. बॅगेत चार फोन, त्यांवरून आपोआप लागणारे कॉल, डाउनलोडचा वेग, दर सेकंदाला एक नोंद. चिंचणीपासूनचा रस्ता गाडीतून मोजून झाला होता. नकाशावर तो हिरवागार होता, म्हणजे रेंज चांगली. गाडी न शिरणाऱ्या या गल्लीत ती स्वतःहून चालत आली होती.

“मावशी, मला तुमच्या घरातच मोजायचंय. जिथं फोन लागत नाही तिथं.”

“अगं, पण तिथं नापास होशील ना!”

“तेच लिहायचंय.”

मावशीला पटलं नाही. पाहुणीचं काम बिघडू नये म्हणून तिने पंखा बंद केला, खिडकी उघडली, मग मागचं दारही उघडलं. तरी दहापैकी नऊ कॉल लागले नाहीत. दहावा चार सेकंदांत तुटला.

“मागच्या महिन्यात माझ्या अनुजचा हात बोटीवर दोरात अडकला,” दारात उभी राहून मावशी म्हणाली. “दोन बोटं गेली. किनारा जवळ आल्यावर पोरानं मला तीन फोन केले. मला ताप होता, फोन उशाशी घेऊन घरात झोपलेली. बोईसरच्या हॉस्पिटलात सगळी गल्ली पोचली. आई शेवटी. आज परत बोटीवर गेलाय. पयल्यांदाच.”

मेघाली बांबूंपाशी आली तसा सुपरवायझर सुजितचा फोन लागला.

“गल्लीतले पॉइंट काढून टाक. आपला रूट रस्त्याचा आहे.”

“सर, माणसं गल्लीत राहतात.”

“क्लायंटने रस्ता मागितलाय. पाचपर्यंत फाइल हवी, नाहीतर उद्या मासवणला तुझ्याऐवजी मनीष जाईल. परवाही तोच.”

पाचला दहा कमी होते. रस्त्यावरची गाडी चालत पंधरा मिनिटांवर. तिने पॉइंट निवडले. शंभर-सव्वाशे लाल ठिपके. एक बटण दाबलं की तिथे लालही उरणार नव्हतं, नुसतं पांढरं. बोट पडद्यावर तसंच राहिलं. मग तिने निवड रद्द केली आणि अख्खी फाइल पाठवायला लावली. हातात धरल्यावर रेंज जाई.

“मावशी, एखादी पिशवी आहे का?”

मावशीने मेघालीचा फोन निळ्या पिशवीशेजारी बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. एकतीस टक्के. अठ्ठेचाळीस. फाइल केवढी आहे ते सुजितला एव्हाना दिसलं असणार.

बांबूवर फोन वाजला. खाली बोंबील उलटणाऱ्या बायका एकदम उठल्या. मावशी सगळ्यांच्या आधी पोचली, पिशव्यांवरून तिने हात फिरवला.

“तुझा हाय,” ती म्हणाली. “सायेब असंल. घे ना.”

“वाजू दे मावशी.”

रिंग थांबली. एकाहत्तर टक्के. मावशी परत बोंबलांपाशी बसली, पण या वेळी समुद्राकडे पाठ आणि निळ्या पिशवीकडे तोंड करून.