पासष्टाच्या खाली

पिंगळीच्या आसपासचे लोक मेंढरं पारखायला येडबालाच बोलवायचे, ते काही उगाच नाही. लोकरीखाली मेंढी किती उरलीय हे डोळ्यांना दिसत नाही. येडबा पाठीवर हात ठेवायचा, अंगठ्यानं मणके चाचपायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, भरलीय का आतून खंगलीय. विकणारा सख्खा भाऊ असला तरी पाठीबाबत तो कधी खोटं बोलला नाही. एवढा जाणता माणूस स्वतःच्या घरात आंधळा कसा झाला, देव जाणे.

त्याची बायको भागुबाई पाच वर्षांमागं चौऱ्याऐंशी किलोची होती. गुडघे धरले, रक्तात साखर निघाली. परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू पासष्टावर या आणि मग तिथंच राहा. उतरवणं जमतं सगळ्यांना, टिकवणं जमत नाही. भागुबाईनं मनावर घेतलं. चहातली साखर सुटली, ताटात एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर वरण उरलं. घर सून दैवशालावर टाकून ती रोज मेंढरांमागं दोन कोस चालू लागली. दीड वर्षात पासष्टावर आली आणि पुढं तीन वर्षं तिथून हलली नाही.

दर अमावास्येला ती दिनकररावांच्या आडतीत, सोयाबीनची पोती मोजायच्या काट्यावर चपला काढून उभी राहायची. येडबा आकडा मोठ्यानं वाचायचा. लग्नात कुणी जिलबी वाढायला आलं की तिच्या ताटावर हाच आडवा हात धरायचा. तिच्यापेक्षा यालाच चेव जास्त.

यंदा दिवाळीनंतर काट्यावर बासष्ट आले. पुढच्या अमावास्येला एकोणसाठ. येडबानं आडतीतल्या सगळ्यांना चहा पाजला आणि बायको पोरीसारखी हलकी झाली म्हणून मिरवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी टिकवायला सांगितलं होतं, खाली जायला नाही, असं दैवशाला एकदा हळूच म्हणाली. त्यानं तिला गप्प बसवलं. जेवण जात नाही, पोटात दुखतं, असं भागुबाई सांगायची. कमी खायची सवय झाली, असं तो म्हणायचा.

होळीला मात्र कित्येक दिवसांनी तिला काहीतरी खावंसं वाटलं. तिनं पुरणाची पोळी मागून घेतली, वर तूप घेतलं. घास तोंडाशी नेला आणि येडबानं ताट आपल्याकडं ओढलं.

"पाच वर्साची मेहनत हाय गं," तो म्हणाला.

तिनं घास ताटात ठेवला आणि हात धुतला. भांडली असती तर बरं झालं असतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पूर्णेचा चंद्रभान मेंढ्या घ्यायला आला. भागुबाईनं एक मेंढी मानेला धरून उभी केली. येडबानं मेंढीच्या पाठीवर हात ठेवला आणि मान हलवली.

"लोकर बघून फसू नका. ही आतून वाळायलीय."

"आवं, माज्याबी पाठीवर ठिवा की हात एकदा," भागुबाई म्हणाली.

चंद्रभान हसला, म्हणून येडबाही हसला. परक्या माणसादेखत बायकोच्या पाठीला हात लावायचा म्हणजे काय! चंद्रभान गेल्यावर लावता आला असता. पण तोवर तो विसरला.

वैशाखात ती मेंढरांमागं चालता चालता बांधावर बसली, ती उठलीच नाही. परभणीला नेलं. पोटात गाठ होती आणि ती आत सगळीकडं पसरली होती. वजन कधीपासून उतरतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. येडबाला एकेक अमावास्या तोंडपाठ होती. बासष्ट, एकोणसाठ, छप्पन्न. आडतीत वाचायचा तसेच त्यानं पुढचे आकडेही सांगितले. वेळ गेली, आता घरीच सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले.

आता दैवशाला रोज काहीतरी गोड करते आणि येडबा वाटी घेऊन बाजेजवळ बसतो. भागुबाई चमचाभर घेते, तोही त्याच्यासाठी. परवा दुपारी तिनं वाटी बाजूला सारली आणि कुशीवर वळली, पाठ त्याच्याकडं करून. दैवशाला चुलीपाशीच होती, उंबऱ्यात शेजारची बायनाबाई बसली होती. येडबानं कुणाची लाज धरली नाही. पोलक्यावरून तिच्या पाठीवर हात ठेवला. अंगठा सवयीनं मणक्यावरून फिरला आणि जागच्या जागी थांबला. इतकी वाळलेली पाठ त्याच्या हाताला आजवर लागली नव्हती.

"सांगा की," भिंतीकडं बघत भागुबाई म्हणाली, "कशी हाय?"

"भरलीय," येडबा म्हणाला. "चांगली भरलीय."

चाळीस वर्षं ती त्याच्यासाठी मेंढ्या धरून उभी राहिली होती. त्याच्या हाताला काय लागलंय ते तो बोलायच्या आधी तिला कळायचं.

"मंग ऱ्हाऊ द्या हात तसाच," ती म्हणाली.