बासष्ट किलो

"गाडी उजवीकडे ओढतेय," असं ओळंब्यानं त्या आठवड्यात तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा गॅरेजातल्या कॉम्प्युटरवाल्यानं हातातला चहा खाली ठेवला. दुसऱ्या कुणासाठी त्यानं तो ठेवला नसता.

"काका, मशीनवर सगळं हिरवं दिसतंय. लाल रेघ एक नाही."

"मशीन रस्त्यावर येतं का?"

मशीन भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं होतं.

ओळंबा हे त्याचं नाव नव्हतं. नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. एकतीस वर्षं तो त्या गॅरेजात चाकं सरळ करत होता. आधी दोरी लावून, मशीन आल्यावर मशीन लावून, आणि मग दोरीवर अन्याय नको म्हणून शेवटी पुन्हा दोरी लावून. वाकडं त्याला बघवत नसे; गवंड्याच्या ओळंब्याचं नाव त्याला त्यावरूनच पडलं होतं. कॅलेंडर तिरकं दिसलं की हात जायचा. मालकाच्या केबिनमधल्या फोटोला त्यानं इतक्यांदा हात लावला होता, की मालकाची समजूत झाली होती, आपल्या वडलांवर या माणसाची फार भक्ती.

त्याची कामाची एक रीत होती. गाडी रॅम्पवर घेतली की नटाला पाना लावण्याआधी तो गाडीच्या मालकाला त्याचं वजन विचारायचा. शेजारी रोज कोण बसतं, त्याचंही. मग तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या सीटांवर ठेवायचा आणि मग चाकं जुळवायचा. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा थकलेल्या असतात, त्यांना माणूस जाणवतो, असं त्याचं म्हणणं. इंजिनीअर लोक यावर हसत, आणि स्वतःची गाडी मात्र त्याच्याकडेच आणत. एकदा एका बाईंनी चारचौघांत वजन दहा किलो कमी सांगितलं. आठ दिवसांत गाडी ओढते म्हणून परत आल्या. ओळंब्यानं दहा किलो वाळू वाढवली. बाई गेल्यावर म्हणाला, "माणसाला काहीही सांगावं. गाडीला खोटं वजन सांगू नये." हे वाक्य गॅरेजात पुढे म्हणीसारखं वापरात आलं.

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सरळ केल्यावर, गेल्या वर्षी त्यानं स्वतःसाठी एक जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकानं ती फक्त रविवारी चालवल्याचं सांगितलं होतं. टायरांवरून पाहता त्याच्या आठवड्यात बरेच रविवार असावेत. ओळंब्यानं ती महिनाभर खोलून जोडली आणि शेवटी घरी जाऊन बायकोला वजन विचारलं.

"बासष्ट," ती म्हणाली. "आणि एक किलोही कमी धरू नका. कमावलंय मी ते."

बासष्ट किलोची पिशवी भरली गेली. गाडी अशी सरळ धावली, की बायकोनं पाण्याचा पेला मांडीवर ठेवून अख्ख्या गावाला चक्कर मारली आणि थेंब सांडला नाही.

मग तिला ते पोटाचं दुखणं निघालं. दर गुरुवारी हॉस्पिटल, जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस. बसचे धक्के सोसत नव्हते, तेव्हा गाडी घेतली ते बरंच झालं, असं दोघंही म्हणत. आणि नेमकी तेव्हापासून गाडी उजवीकडे ओढू लागली. फार नाही. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण गाडी उजवीकडे सरकायची, ओळंबा स्टिअरिंग डावीकडे घ्यायचा, आणि त्या एवढ्याशा हिसक्यासरशी ती पोटाशी हात घट्ट धरायची. तो रस्त्याकडे बघायचा, पण हात दिसायचाच.

त्यानं टायर बदलले. टाय रॉड नवा टाकला. आधीच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दर वेळी बासष्टची पिशवी ठेवून चाकं जुळवली, दर वेळी मशीन हिरवं झालं, आणि दर गुरुवारी गाडी उजवीकडे गेली. पिशवी घेऊन एकटा चक्कर मारायचा तेव्हा गाडी सुतासारखी सरळ. ती बसली की बिघडायची.

कॉम्प्युटरवाल्यानं आता खाली ठेवलेला चहा पुन्हा उचलला, आणि कपात बघतच विचारलं, "काका, पिशवी कितीची ठेवलीय?"

"बासष्टची. का?"

"काही नाही," कॉम्प्युटरवाला म्हणाला. तो मागच्याच महिन्यात काकूंना भेटून आला होता.

त्या गुरुवारी ओळंब्यानं तिला अर्धा तास आधीच घरून काढलं. वाटेत गॅरेजात थांबून शेवटचं बघतो म्हणाला. तिला रॅम्पजवळ खुर्ची दिली, खुर्चीवर आपला कोट घडी करून ठेवला, खुर्ची भिंतीला काटकोनात आहे ना, तेही पाहिलं. मग पिशव्यांच्या ढिगातून बासष्टची काढून तिच्या सीटवर ठेवली. ठेवताना त्याला धाप लागली.

ती बराच वेळ बघत होती.

"अहो, माझ्या जागेवर ती कोण बसवलीत?"

"तू."

"मी? एवढी धष्टपुष्ट?" ती हसली. हसताना तिला खुर्चीचा हात धरावा लागला. "अहो, एकोणचाळीस झाले."

पाना नटावर चढवलेला होता, तो तसाच राहिला.

"कुणी सांगितलं?"

"दर गुरुवारी काट्यावर उभी करतात मला. तुम्ही तेव्हा बाहेर बाकं सरळ करत असता."

हे खरं होतं. त्या वॉर्डाबाहेरची बाकं इतकी रांगेत पूर्वी कधी नव्हती. नर्स हातात कागद देई, तो कागद ओळंबा नीट कडेला कड जुळवून घडी करी आणि न वाचता खिशात ठेवी. त्याच्या कोटाच्या खिशात असे अकरा कागद होते. त्यांच्यावरच ती आत्ता बसली होती.

"गाडीला खोटं वजन सांगू नये," ती म्हणाली. "तुम्हीच सांगता ना जगाला."

त्यानं पिशवी खाली उतरवली, तोंड सोडलं आणि ऑइलच्या रिकाम्या डब्यानं वाळू काढायला लागला. एक डबा, काट्यावर बघायचं, आणखी एक डबा. तेवीस किलो वाळूचा ढीग दिसायला बराच मोठा दिसतो. कॉम्प्युटरवाला मशीनकडे तोंड करून उभा होता. मशीन अजून सुरूही केलेलं नव्हतं.

त्या दिवशी गाडी सरळ गेली. ओळंब्याला चाळीस मिनिटांत एकदाही स्टिअरिंग ओढावं लागलं नाही, आणि ती पहिल्यांदाच वाटेत झोपली. हॉस्पिटल आलं तरी त्यानं तिला उठवलं नाही, आणखी एक फेरी मारून आणली. मग आत काट्यापाशी तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि आकडा वाचला.

पुढे पिशवीतली वाळू आणखी दोनदा कमी केली. त्यानंतर पिशवी लागली नाही.

दोन महिन्यांनी कॉम्प्युटरवाल्यानं काही कामासाठी ती गाडी गॅरेजाबाहेर एक चक्कर फिरवून आणली. किल्ली परत देताना म्हणाला, "काका, उजवीकडे ओढतेय. रॅम्पवर घेऊ? रिकाम्या सीटवर जुळवून देतो, दहा मिनिटांचं काम."

ओळंबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. ते चांगलंच तिरकं झालं होतं.

"असू दे," तो म्हणाला. "धरता येतं."

आणि तो तसाच घरी गेला, सबंध रस्ताभर स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे धरून.