दोन कपांची किटली

मी एक जुनी पितळी किटली आहे, मित्रांनो. मंत्र्यांच्या बैठकीच्या खोलीमागच्या स्वयंपाकघरात, माळ्यावर पडलेय. पडले म्हणून भंगार म्हणायचं नाही! तोटी अजून सरळ आहे माझी.

मला घडवलं तेच मुद्दाम दोन कपांपुरतं. शेजारचे दोन लहान देश, पलीकडे एक मोठा वैरी. दोघांनी ठरवलं, वैऱ्याशी बोलायचं ते मिळूनच, आणि त्याआधी माझ्यातला चहा दोघांनी प्यायचा. आमचे मंत्री आणि शेजारच्या मंत्रीणबाई. भांडायची, कप आपटायची, पण वैऱ्याकडून येणाऱ्या खिंडीवरचा पहारा एकत्र. वैरी नुसता दातओठ खायचा. तेव्हाची माझी ऐट काय सांगू!

धमक्यांनी भागेना, तेव्हा वैऱ्याने दूत धाडला. स्वयंपाकातल्या मावशींनी त्याचं नाव ठेवलं साखरतोंड्या. बोलला की मुंग्या लागाव्यात.

मेला नेमका बाई यायच्या आधी टपकला.

"साहेब, आमचं वाकडं बाईंशी. तुमच्याशी कसलं वैर? तुमच्यापुरता व्यापार खुला करतो. पहारेकरी तेवढे मागे घ्या."

मंत्री विरघळले. बाईंचा कप त्याच्यापुढे सरकवला. मी झाकण खडखडवलं, पण किटलीचं कोण ऐकतं!

बाई आल्या. मला उचललं, तर मी रिकामी.

"दुसरा टाकायला सांगतो," मंत्री ओशाळून म्हणाले.

"राहू द्या. कुणाला पाजलात ते कळलं."

बाई गेल्या. खिंडीवरून आमचे पहारेकरी हटले, त्यांचेही गेले. साखरतोंड्याने बारा कपांची चांदीची किटली भेट दिली आणि मी माळ्यावर चढले.

वैऱ्याने आधी बाईंचा देश गिळला. आमच्यांनी मान वळवून पाहिलं नाही. व्यापार जोरात होता ना! मग त्याच उघड्या खिंडीतून सैन्य आमच्याकडे उतरलं.

काल मंत्री धापा टाकत स्वयंपाकघरात आले. "मावशी, ती जुनी किटली काढा. साखरतोंड्या आलाय, बोलणी करायचीत."

"काढते की. दुसरा कप कुणापुढे ठेवू?"

मंत्री आल्या पावली परत फिरले.

मित्रांनो, वैऱ्याशी जरूर बोला. चहाही पाजा. पण जोडीदार येईपर्यंत त्याचा कप राखून ठेवा. मला आता घासू नका. लख्ख होऊन मी कुणाची वाट पाहू?