खुब्याची गादी

दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोघींचे खुबे जन्मापासूनच अधू. धाकटीच्या सांध्यातली गादी नाण्याएवढ्या जागी झिजली होती, ताईची मात्र पार संपली होती. डॉक्टर म्हणाले, "हिचं वय बावीस. मृत दात्याच्या सांध्यातली गादी, खालच्या हाडाच्या तुकड्यासकट, हिला बसवता येईल. तुमचं त्यापलीकडे गेलंय, ताई. तुम्हाला धातूचाच सांधा."

म्हणजे पुन्हा हिलाच! त्या दिवसापासून ताई आतल्या आत जळत होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हिला कडेवर घेऊन कोण हिंडलं? ताई. लाँड्रीत दिवसभर उभं राहून, इस्त्र्या करून हिला शिकवलं कोणी? ताईनेच ना! आणि आता ही बया धावणार, पोरांना कोलांट्या शिकवणार, आणि ताईने खुर्चीतून उठताना "आई गं" करायचं. वर धाकटीचं दिवसातून दहादा, "ताई, हॉस्पिटलचा फोन आला का गं?" अस्सा राग यायचा म्हणून सांगू!

फोन आला तेव्हा धाकटी आंघोळीला गेली होती. ताईने उचलला.

"मापाची गादी मिळालीय," हॉस्पिटलमधली बाई म्हणाली. "ती फार दिवस टिकत नाही, आजच भरती व्हायला हवं. पेशंटला ताप, खोकला काही नाही ना?"

आतून धाकटीचं गाणं ऐकू येत होतं. गातेय कशी बघा, सटवी!

"ताप आहे," ताईच्या तोंडून निघून गेलं. "कालपासून."

"अरेरे! मग पुढच्या पेशंटला कळवते."

ताईने फोन ठेवला. हे काय करून बसले मी! तिने घाईघाईने परत फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"बाई, दुसऱ्या कोणाला कळवू नका! ताप नाही तिला. खोटं बोलले मी. जळले हो तिच्यावर, दुसरं काही नाही. आत्ता घेऊन येते!"

"नशीब तुमचं, अजून कळवलं नव्हतं," बाई जरा तुटकपणे म्हणाली. "लगेच निघा."

ताईचा जीव भांड्यात पडला. ती वळली, तर धाकटी ओल्या केसांनी दारात उभी. गाणं कधी थांबलं, कळलंच नव्हतं.

"चल, आवर पटकन," ताई म्हणाली. "बॅग भरते मी."

"मी भरीन." धाकटीने कपाटातून बॅग ओढली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मावशीला बोलावते सोबत. तू नको येऊस."