ऑर्वेनची मुकी माणसं

अर्पितला कोणी गाव विचारलं की तो जळगाव सांगायचा, पण हे अर्धंच खरं. देहानं तो जळगावचा, भांड्यांचे व्यापारी केवलचंद यांचा मुलगा. मनानं मात्र वयाच्या नवव्या वर्षापासून ऑर्वेनचा रहिवासी. ऑर्वेन हा नकाशात सापडणार नाही, उगाच शोधू नका. तो एका व्हिडिओ गेममधला देश आहे. गेल्या वीस वर्षांत या गेमचे सात भाग निघाले आणि सातही भागांत, काय सांगावं, एकच गोष्ट घडते. हातात कंदील घेतलेला एक मुलगा असतो. त्याला नाव नाही आणि तो तोंडातून चकार शब्द काढत नाही. नद्या-डोंगर ओलांडून तो धुक्याच्या राजापर्यंत जातो, त्याला मारतो, धुकं विरतं, खेळ खलास. तीन-चार वर्षांनी नवा भाग येतो, तेव्हा धुक्याचा राजा पुन्हा आपला हजर!

तरी लोक खेळतात, आणि खेळतात म्हणजे वेड लागल्यासारखे खेळतात. त्याला कारण आहे. त्या देशातली संध्याकाळच तशी आहे. निळं गवत वाऱ्यानं एका अंगाला झुकतं, लांब पाण्यात घरं उभी असतात, त्यांच्या खिडक्यांत एकेक दिवा लागत जातो, आणि काठावर नावेत एक बाई कुणाची तरी वाट बघत बसलेली असते. ते एकदा बघितलं की दुकानातले डबे, पातेली, कुकर यांच्यात जीव रमणं कठीण.

याच गेमवर अर्पितचं मराठी यूट्यूब चॅनेल होतं आणि त्याला बघणारे लाखाच्या वर. बाकीचे लोक कुठली तलवार कुठे सापडते ते सांगायचे. अर्पित भलतंच बोलायचा. नावाडीण घरी गेल्यावर कुणाशी बोलते? कंदीलवाल्या मुलाची वाचा कशानं गेली? धुक्याच्या राजाला कधी कोणी विचारलं का, की बाबा रे, तुला हवंय तरी काय? आठव्या भागात नवी शस्त्रं नकोत, आम्हाला आतली गोष्ट द्या, असं तो म्हणायचा. खाली लोक लिहायचे, भाऊ, काय विचार करता तुम्ही.

आता खरं सांगायचं तर भाऊंनी काडीचाही विचार केलेला नव्हता. तो सगळा विचार त्याच्या थोरल्या बहिणीचा, आयुषीचा. दोनशे पानांची एक वही तिनं ऑर्वेनमधल्या न सांगितलेल्या गोष्टींनी भरून ठेवली होती. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन ती धुळ्याला देवपुरात गेली आणि वही माहेरच्या कपाटात राहिली. तेव्हापासून ती वही पानापानानं अर्पितच्या तोंडून जगापुढे आली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. एकदाही, चुकूनसुद्धा, त्यानं बहिणीचं नाव घेतलं नाही.

आयुषीनं ते पाहिलंच असणार. आधी तिचा रोज फोन यायचा, तासतासभर चालायचा. मग तो आठवड्यावर गेला आणि त्यात तीनच वाक्यं उरली. जेवलास का, बरा आहेस ना, आईला दे. ती भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर अर्पितला बरं वाटलं असतं. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. सख्खी बहीण डोळ्यांदेखत परकी होत चालली होती, कशामुळे ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि बोलायची छाती नव्हती.

बरं, या घरात क्षमा मागायला वर्षातला एक दिवस राखूनच ठेवलेला. जैनांची संवत्सरी. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायचं, समोरच्यानंही तेच म्हणायचं, आणि मन धुऊन टाकायचं. पूर्वी लोक त्यासाठी घरोघर जायचे. अर्पित काय करायचा? हात जोडल्याचं एक चित्र चारशे जणांना एकदम पाठवून द्यायचा. त्या चारशेत गॅसवाला होता, पहूरचं गिऱ्हाईक होतं, बोदवडचे दूरचे मामा होते आणि आयुषीही होती. सगळ्यांकडून हात जोडलेली उत्तरं यायची. तिच्याकडूनही यायचं.

यंदा मात्र आई, धनकुंवरबाई, आडवी आली. “फोनवर नको. तुझ्या बहिणीनं तेला केलाय, तीन दिवस नुसत्या पाण्यावर आहे. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जायचं आणि समोर बसून खमवायचं, क्षमा मागायची.”

अर्पित लगेच हो म्हणाला. आईला भरून आलं, पण तिला आतली गोम माहीत नव्हती. ऑर्वेनचा आठवा भाग येतोय हे आठच दिवसांपूर्वी जाहीर झालं होतं, आणि या भागात काय हवं ते खेळणाऱ्यांनी कळवावं, असं गेम बनवणाऱ्या कंपनीनंच म्हटलं होतं. चॅनेलवर लोक दबा धरून बसले होते, भाऊ आता काय मागणार म्हणून. आणि भाऊंची वही आषाढातच संपली होती. तेव्हा पिशवीत आईनं दिलेला मुगाच्या शिऱ्याचा डबा, आणि डब्याखाली रेकॉर्डिंगचा माईक, असा हा भाविक धुळ्याच्या एसटीत बसला.

पाळधी मागे पडलं तशी त्याला गुंगी आली. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आलेली, आभाळ खाली उतरलेलं, रानातून ओलसर वास येत होता. डोळे अर्धे मिटले की कपाशी निळी व्हायची. केळीच्या बागेत कोणी कंदील घेऊन चाललंय असं वाटायचं. एरंडोलच्या पुलावरून बस गेली तेव्हा त्यानं खाली वाकून पाहिलं. काठाला नाव नव्हती, दोन म्हशी होत्या, तरी त्या पाण्यातून आपल्याला कोणी हाक मारील असं त्याला उगाच वाटत राहिलं. असं वाटणं त्याला लहानपणापासून आवडायचं. ते कुणी शिकवलं हे तो सोयीस्कर विसरला होता.

शेजारी पारोळ्याकडचे एक म्हातारे बसले होते. कंडक्टर त्यांना पंडितआबा म्हणत होता. अर्पितनं जाग यावी म्हणून मोबाईलवर गेमची जुनी चित्रफीत लावली, तर आबांनी डोकं पुढे घातलं.

“काय दखी राहिनात भाऊ? हाई गवत निळं कसं काय?”

अर्पितनं त्यांना सगळा खेळ समजावून सांगितला. कंदील, धुकं, राजा, सात भाग. आबांनी टोपी मागे सारून मन लावून ऐकलं.

“म्हंजे दर येळले मारतस, आनि तो दर येळले परत येस? मंग त्याले कोनी इचारं का, बाबा, तुले जोयजे तरी काय?”

अर्पितनं चित्रफीत थांबवली. या वाक्यावर त्याला दीड लाख लोकांनी डोक्यावर घेतलं होतं.

“आबा, हे... हे माझी बहीण म्हणते,” तो म्हणाला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते निघालं, आणि तेही कुठल्या कोण म्हाताऱ्यापुढे.

“हुशार शे तुनी बहीण,” आबा म्हणाले आणि पारोळ्याला उतरून गेले.

उरलेला रस्ता अर्पितला डोळा लागला नाही. धुळ्याच्या स्टँडवरून रिक्षानं पांझरेचा पूल ओलांडून तो देवपुरात पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. आयुषीच्या घरात सामसूम होती. सासू आणि नवरा नातेवाइकांकडे खमतखामणा करायला गेले होते. तिनं सकाळी मुगाचं पाणी घेऊन उपवास सोडला होता आणि ती खिडकीशी उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, डोळे मात्र मोठे आणि स्वच्छ दिसत होते.

अर्पितनं समोर बसून हात जोडले. “दीदी, मिच्छामि दुक्कडम्.”

“मिच्छामि दुक्कडम्,” ती म्हणाली.

झालं. दोघांची सुटका झाली. घड्याळ टिकटिकत होतं, खाली गल्लीत गणपतीच्या मांडवात लाऊडस्पीकर लागला होता. डबा काढायला अर्पितनं पिशवीत हात घातला, तर डब्यासोबत माईकची वायर बाहेर लोंबली. आयुषीनं ती पाहिली.

“माफी मागायला आलास की आठव्या भागाची गोष्ट मागायला?”

आवाज चढलेला नव्हता. तीन दिवसांच्या उपाशी माणसाचा आवाज चढत नाही. अर्पितच्या जिभेवर दोन-तीन थापा अगदी तयार होत्या, पण तिच्या त्या डोळ्यांपुढे एकही बाहेर पडेना.

“गोष्ट मागायला,” तो म्हणाला. “पारोळ्यापर्यंत तरी तेवढ्यासाठीच येत होतो.”

मग तो उठला. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, माईक लावला आणि समोर बसला. “नमस्कार. या चॅनेलवर तुम्ही ज्या गोष्टींसाठी माझं कौतुक केलंत, त्यातली एकही माझी नाही. त्या माझ्या बहिणीच्या वहीतून मी घेतल्या. तिला विचारलं नाही, तिचं नाव सांगितलं नाही. मी चोरी केली. मला माफ करा.” त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं.

“आत्ताच टाकतो,” तो म्हणाला आणि त्यानं ते टाकलंसुद्धा. मग शाबासकी मिळणार असल्यासारखं बहिणीकडे पाहिलं.

“लोकांना सांगितलंस ते बरं केलंस,” आयुषी म्हणाली. “आता मला सांग.”

“तू ऐकलंस ना आत्ता?”

“चोरी केली, माफ करा. हे तुमच्या गेमसारखंच झालं, अर्पित. राजा मेला, धुकं विरलं, चला घरी. मला असलं नको. नीट सांग. वही कुठे बसून उघडलीस? तेव्हा मनात काय होतं?”

लाखभर लोकांपुढे जे पाच-सहा वाक्यांत उरकलं, ते या एका बाईपुढे सांगायला अर्पितला सुरुवात सापडेना. तो डब्याचं झाकण फिरवत राहिला.

“तुझ्या लग्नाला महिना झाला होता,” तो शेवटी म्हणाला. “घरात करमेना. दुकानाच्या माळ्यावर गेलो. आपण बसायचो तिथंच, पातेल्यांच्या चळतीमागं. पहिला भाग लावला. म्हटलं, आपली माणसं भेटतील.”

“मग?”

“नावाडीण आली. मी थांबलो. आता ती म्हणेल, बस लेकरा, पण पाण्यात हात घालू नको, खाली माझ्या लेकीचं गाणं झोपलंय, ते जागं होईल. ती नुसतं म्हणाली, कुठं जायचं? बस, एवढंच. मला वाटलं डिस्क खराब झाली. दुसरा भाग लावला, तिसरा लावला. धुक्याचा राजा मरताना आईची आठवण काढायचा ना? तो नुसता गुरगुरतो, दीदी. कंदील विकणारा म्हातारा काहीच सांगत नाही. सगळे मुके.”

आयुषी खिडकीबाहेर पाहत होती.

“मला लहानपणी इंग्रजी येत नव्हतं,” अर्पित म्हणाला. “तू पडद्यावरचं वाचून मराठीत सांगायचीस. मला वाटायचं तिथं तसंच लिहिलंय. मोठा झाल्यावरही मी कधी वाचलं नाही, तूच सांग म्हणायचो. तेरा वर्षं मी ज्या माणसांना जीव लावला ती तिथं नव्हतीच. तू गेलीस आणि ती सगळी तुझ्याबरोबर गेली. तसाच घरी आलो, तुझं कपाट उघडलं. वहीत ती होती. मोठ्यानं वाचायला लागलो, ऐकू यावीत म्हणून. ऐकू यावीत म्हणूनच रेकॉर्ड केलं. मग लोकांना आवडलं, आणि मला तेही आवडलं. तुझं नाव घ्यायचं राहून गेलं.” तो थांबला. “राहून नाही गेलं. घेतलं नाही मी.”

आता त्याला हुंदका आवरेना. सत्तावीस वर्षांचा बाप्या माणूस, बहिणीच्या घरी शिऱ्याचा डबा मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडला. आयुषीनं त्याला रडू दिलं. तिचेही डोळे वाहत होते.

“नावासाठी मला राग नव्हता रे,” ती म्हणाली. “तू मागितली असतीस तर वही दिली असती. रोज फोनवर वाचून दाखवली असती. मी वाट बघायची, आज विचारशील, उद्या विचारशील. इथली माणसं चांगली आहेत, पण या घरात पाच वर्षांत मला कोणी विचारलं नाही, की पुढे काय झालं.”

मोबाईल एकसारखा वाजायला लागला होता. चॅनेलवर काय गदारोळ उठला होता कोण जाणे. अर्पितनं तो उचलून बंद केला, नाक पुसलं आणि बहिणीच्या जवळ सरकून बसला.

“पुढे काय झालं?” त्यानं विचारलं.