एक गुण कमी

कचेरीत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, कारण इथे येण्याआधी त्या खरोखरच शाळेत बाई होत्या. बारा वर्षं त्यांनी चौथीच्या वर्गाला शिकवलं. मग शाळा बंद पडली आणि गुण देण्याची सवय तेवढी अंगाला चिकटून राहिली. नेमकी तीच सवय या कंपनीला हवी होती. लोक आपापल्या घरी बसून एकमेकांशी जे ऑनलाइन खेळ खेळतात, तसे दीड-दोनशे खेळ ही कंपनी चालवायची. दर तीन महिन्यांनी त्यातल्या चाळीसेक खेळांची तपासणी व्हायची. परीक्षक तीन, प्रत्येकाचे गुण दहा, एकूण तीस. अठराच्या खाली गेलेला खेळ दहा दिवसांत बंद.

नऊ वर्षं बाई हेच करत आल्या होत्या आणि आता थकल्या होत्या. भट्टीपुढे दिवस काढलेल्या आचाऱ्याची भूक जशी वासानेच मरते, तशी त्यांची खेळायची भूक मेली होती. तपासणीच्या खोलीला खिडकी नव्हती. एका ओळीत सहा पडदे, सहा खुर्च्या, आणि हेडफोनचा स्पंज झिजल्यामुळे कानाला टोचणारं प्लॅस्टिक. सकाळी विमानं पाडायची, दुपारी किल्ले जिंकायचे, संध्याकाळी मोटारी पळवायच्या. रंग तेवढे वेगळे, बाकी सगळे एका माळेचे मणी. रोज हजेरी लावा, पेटी मिळवा. पेटी उघडावी तर आत टोपी.

“बाई, आज तुम्ही सतरा वेळा मेलात,” शेजारच्या खुर्चीतला परीक्षक म्हणायचा. वयाने त्यांच्या निम्मा, हात विजेसारखा. त्याला सगळे नेमबाज म्हणत.

“अठरा. एकदा तू पाणी प्यायला गेला होतास.”

तपासणीचा तक्ता बाईंनीच बनवला होता. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. खेळताना जोडणी तुटते का? बरोबरीचे गडी मिळतात का? नवख्याला नीट शिकवलं जातं का? लबाडी करणारा पकडला जातो का? थांबावं किती लागतं? अशी ती यादी. तक्त्याखाली शेवटची एक ओळ होती, ‘आवड-दुरुस्ती’. खेळ तुम्हाला मनापासून आवडला असेल तर मिळालेल्या गुणांतून एक वजा करायचा. मनापासून नावडला असेल तर एक वाढवायचा. काहीच वाटलं नसेल तर शून्य.

नवा परीक्षक आला की बाई त्याला समोर बसवून हे समजावत. “नावडतीचं मीठ अळणी, ऐकलंय ना? मीठ तेवढंच असतं, जीभ फिरलेली असते. आपण मीठ मोजायला बसलोय. जीभ कुठे फिरलीय ते ओळखायचं आणि तेवढं वजनातून काढून टाकायचं.” समोरच्याला पटेपर्यंत त्या तीन-तीनदा सांगत, आवाज न चढवता. आजवर कुणी या ओळीबद्दल हुज्जत घातली नव्हती.

त्या तिमाहीत ‘सहा कंदील’ नावाचा खेळ तपासणीला आला. सहा अनोळखी माणसं, त्यांच्या खांद्यावर एक लांबलचक तुळई, आणि समोर धुक्यातला डोंगर. तुळई वर न्यायची, बस्स. बोलायची सोय नाही, लिहायची नाही. प्रत्येकाच्या हातात एक कंदील. तो वर केला की ‘चला’, खाली केला की ‘थांबा’, हलवला की ‘मी दमलो’. एकाने खांदा काढला की तुळई घसरते आणि उरलेले पाचही जण खाली.

खेळात उणिवा बख्खळ होत्या. सहा जण जमेपर्यंत कधीकधी वीस मिनिटं नुसती वाट बघायची. एखाद्याची जोडणी तुटली तर उरलेल्यांची मेहनत पाण्यात. नवख्याला कुणी काही शिकवायचं नाही, धडपडत शिका. बाईंनी एकेका प्रश्नापुढे प्रामाणिकपणे फुली मारली, बरोबरची खूण केली. बेरीज झाली सहा.

पण तपासणीला दोन फेऱ्या पुरतात, तिथे बाईंनी अकरा खेळल्या. सातव्या फेरीत मधल्या कुणीतरी कंदील हलवला. दमला होता. पुढच्याने लगेच कंदील खाली केला आणि सहाही जण त्या चढावर नुसते उभे राहिले. दोन-तीन मिनिटं कुणी हललं नाही, कुणी सोडून गेलं नाही. बाई पडद्यासमोर बसून होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की रोज दुखणारं आपलं मनगट आज दुखत नाहीये. मग मधला कंदील वर झाला.

आवडला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा इतका, की डब्याची वेळ टळून गेली तरी कळलं नाही. म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी शेवटच्या ओळीत ‘वजा एक’ लिहिलं, पाच गुणांचा तक्ता पाकिटात घालून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

परीक्षकांना एकमेकांचे गुण दिसत नसत; बेरीज तेवढी फळ्यावर लागायची. दुसऱ्या दिवशी लागली. सहा कंदील, सतरा.

बाई फळ्यासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. नेमबाज मागून आला.

“गेला का तो हमालीचा खेळ? सुटलो बुवा. गडी जमायची वाट बघून बघून मला दाढी आली.”

“तुला आधीच होती,” बाई म्हणाल्या, आणि खोलीत जाऊन पुढच्या खेळाचा तक्ता भरायला बसल्या.

घरी त्या आणि त्यांची लेक, दोघीच. लेक तेवीस वर्षांची, छापखान्यात पुस्तकांची पानं लावायचं काम करायची. तिच्या नखांतली शाई कधी जायची नाही. संध्याकाळी ती भांडी विसळत होती आणि बाई पुसून फडताळात लावत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी कप ताटल्यांच्या रांगेत ठेवला तेव्हा लेक म्हणाली, “आई, बोल आता. कप काय म्हणतोय?”

बाईंनी सांगितलं. खेळ, कंदील, सहाचे पाच, अठराचे सतरा.

“म्हणजे तुला आवडला म्हणून तो बंद पडणार?”

“तसं नाही गं. आवडलं की माणूस दोष झाकतो. ते होऊ नये म्हणून...”

“पण तू तर झाकले नव्हतेस ना? फुल्या मारल्यास, मग सहा आले.”

“हो.”

“मग एक कशाचा कापलास?”

बाईंनी कप पुसायला घेतला. तो आधीच कोरडा होता. “सवय आहे. शाळेत असल्यापासूनची. आपलं माणूस समोर असलं की हात आखडता घ्यायचा.”

नळ बंद झाला. लेक ओल्या हातांनी वळली. “शाळेत आपलं माणूस कोण होतं?”

एवढं बोलायला नको होतं, हे बाईंना तेव्हा कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि हातातून सुटलेली काच, दोन्ही परत येत नाहीत.

“चौथीत मी तुझ्या वर्गात होते,” लेक सावकाश म्हणाली. “निबंधात मला वीसपैकी एकोणीस. त्या दोन वेण्यांवालीला साडेएकोणीस. तिचा निबंध सगळ्या शाळेसमोर वाचला.”

“तुझा वीसचा होता,” बाई म्हणाल्या.

लेक नुसती ओठांनी हसली. “वा! आणि मी वर्षभर विचार करत होते की शेवटच्या परिच्छेदात माझं काय चुकलं. वही लपवून ठेवली होती. रोज वाचायचे.”

“लोक म्हणाले असते, बाईंची मुलगी म्हणून...”

“लोक म्हणाले असते. मग लोकांनाच एक गुण कमी द्यायचा होता!” तिने फडकं खुंटीवर टाकलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “कमी दिलास त्याचं जाऊ दे. काय चुकलं ते सांगायला तरी काहीतरी चुकलेलं हवं होतं ना, आई?”

दोनेकशे मुलांना त्यांनी ‘कुठे चुकलं ते बघ’ म्हणून वही परत दिली होती. एका मुलीच्या वहीत बघण्यासारखं काही नव्हतंच.

सकाळी त्यांनी साहेबांकडे फेरतपासणीचा अर्ज दिला. साहेब म्हणजे तिसरे परीक्षक आणि विभागाचे प्रमुख. गोल, शांत गृहस्थ. कशाचंही सोयरसुतक नसल्यामुळे त्यांची आवड-दुरुस्ती कायम शून्य असायची.

“कारण?” साहेबांनी विचारलं.

“शेवटची ओळ. ती चुकीची आहे.”

“बाई, ती ओळ तुमचीच.”

“म्हणूनच मी आले. जीभ फिरली की नाही ते तक्त्यातच दिसतं. फुल्या चुकल्या असतील तर फुल्या सुधाराव्यात. फुल्या बरोबर असताना वरून गुण कापला, तर तो कुणाच्या चुकीचा? माझे सहाच होते.”

साहेबांनी नेमबाजाला बोलावलं, पाकिटं मागवली आणि तिन्ही तक्ते टेबलावर पसरले. बाईंनी चष्मा लावला. स्वतःचा एक परत मिळाला की अठरा होतात, हे त्यांनी रात्रीपासून शंभरदा मोजलं होतं. साहेबांचे सहा, दुरुस्ती शून्य. बाईंचे पाच. नेमबाजाचे सहा.

नेमबाजाच्या तक्त्यावर त्यांची नजर थांबली. फुल्या पाच, खुणा पाच. खाली त्याच्या तिरक्या अक्षरात ‘अधिक एक’.

“मला नाही आवडला,” नेमबाज कान खाजवत म्हणाला. “मनापासून. तुम्हीच शिकवलंत, नावडला की एक वाढवायचा.”

बेरीज करायला कागद लागत नव्हता. ओळच काढली तर बाईंचे सहा, नेमबाजाचे पाच, साहेबांचे सहा. सतरा.

साहेबांनी घसा खाकरला. “हे बघा, अर्ज तुमचा आहे. तुमच्यापुरती दुरुस्ती काढू. सहा, सहा, सहा. अठरा झाले. खेळ राहिला. याच्या तक्त्याला कशाला हात लावायचा? नऊ वर्षांत तुम्ही काही मागितलं नाहीत.”

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. एवढंसं ‘बरं’ म्हणायचं होतं. कंदील वर करण्याइतकं सोपं. ती सहा माणसं चढावर उभी राहिलेली त्यांना दिसत होती. कोण, कुठली, परत कधी भेटणार नव्हती.

“बाई, राहू दे की माझा सहा,” नेमबाज म्हणाला. “मी म्हणतो सहाचा आहे.”

“तुला वाटतो?”

“तुमच्यासाठी वाटतो.”

“माझ्यासाठी नको. तक्ता बघ आणि सांग.”

त्याने तक्ता उचलला, खरंच वरपासून खालपर्यंत वाचला. दोनदा. “जोडणीला मी फुली मारलीय. माझी चार वेळा तुटली. तुमची?”

“एकदा.”

“मग माझ्याकडून पाचच होतात, बाई,” तो ओशाळून म्हणाला.

“मग पाचच लिही. ओशाळतोस कशाला? तुझं बरोबर आहे.” त्यांनी पेन काढून आपला ‘वजा एक’ खोडला, मग तक्ता फिरवून त्याच्याकडे पेन दिलं. “काढायची तर सगळ्यांची काढा, साहेब. या खेळाची आणि पुढच्या सगळ्यांची.”

“याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण,” साहेब म्हणाले. “मग मागच्या नऊ वर्षांचं काय? तेही सगळं पुन्हा बेरजा करून बघायचं का?”

“मी बघते. दुपारनंतर रोज तासभर.”

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि फळ्यावरचा सतरा तसाच राहू दिला.

दुपारी बाईंनी जुन्या तक्त्यांचं पहिलं कपाट उघडलं. धूळ नाकात गेली. पहिल्याच गठ्ठ्यात त्यांच्या अक्षरातला एक ‘वजा एक’ निघाला, कुठल्याशा होड्यांच्या खेळाला. तो खेळ आपल्याला आवडला होता हेसुद्धा त्या विसरून गेल्या होत्या. त्यांनी बाजूला नोंद केली आणि पुढचा तक्ता काढला. तासाभरात सहा तपासण्या झाल्या. अशा दीडेक हजार होत्या.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. मागे छापखान्याची यंत्रं खडखडत होती.

“वाचला का गं तुझा खेळ?” लेकीने ओरडून विचारलं.

“नाही. सतराच आले.”

“म्हणजे एवढं भांडून फुकटच?”

“पाच लिहिले होते. आता सहा लिहिलेत.”

लेक फोन घेऊन बाहेर आली असावी; यंत्रांची खडखड कमी झाली.

“फार चांगला खेळ नाहीये तो,” बाई म्हणाल्या. “वाट फार बघायला लागते. शिकवत काही नाही. मध्येच तुटतो.” त्या थांबल्या. हे शब्द कुणासमोर बोलायची सवय नव्हती. “मला फार आवडतो. अजून आठ दिवस चालू आहे. येशील खेळायला?”

“सहा जण लागतात ना?”

“आपण दोघी. चौघांची वाट बघायची.”

“किती वेळ?”

“वीस मिनिटं. कधी जास्तही.”

“बरं,” लेक म्हणाली. “पण खांदा तू आधी काढायचा नाहीस हं.”