ऑक्टोबरातला स्वेटर

कोल्हापुरात ऑक्टोबर महिन्यात स्वेटर घालून फिरणारं माणूस कुणी बघितलंय काय? असलं तर आणा की समोर. रंकाळ्यावर हवा खायला गेलेली माणसंसुद्धा रुमालानं वारा घेत बसतात असले दिवस. आणि त्याच दिवसांत शिवाजी पेठेतल्या एका नव्या वेलनेस सेंटरच्या भिंतीवर एक गोरी बाई जाड लोकरीचा स्वेटर घालून, वाफाळता कप हातात धरून, लालभडक पानांच्या झाडाखाली हसत उभी होती. फोटोतच होती, पण तिच्याखाली जे छापलं होतं, त्यानं तानूबाईचं डोकं उठलं होतं.

छापलेलं इंग्रजीत होतं. तानूबाईची नात सोनम तिथंच काउंटरवर कामाला, तिनं ते वाचून दाखवलं होतं. सगळ्या अंगाला तिळाचं कढत तेल, मग पेटीत बसवून वीस मिनिटं वाफ, वर सुंठ-मिऱ्याचा काढा. ह्याला म्हणे 'ऑटम केअर'. शरद ऋतूत तोल सांभाळायचा आयुर्वेदिक उपाय. कसला तोल आन कसलं काय!

तानूबाई काही ऐकीव गोष्टीवर बोलणारी नव्हती. हातकणंगल्याहून लग्न होऊन पेठेत आली, आणि पुढं एकतीस वर्षं एका म्हाताऱ्या वैद्यांच्या दवाखान्यात, मागच्या पडवीत बसून तिनं औषधं कुटली, तेलं कढवली, बायकांची अंगं रगडली. वैद्य गुणी माणूस. काय कुटायचं तेवढंच नाही, का कुटायचं तेही सांगायचे. पावसाळ्यात अंगात साठलेलं पित्त आश्विनाच्या उन्हात उसळतं, तेव्हा अंगाला थंडावा द्यायचा, हे तिनं दर वर्षी ऐकलं आणि गुण आलेला डोळ्यांनी बघितला. पण पुढच्या खोलीत, पेशंटांसमोर, तिला कधी कुणी बोलावलं नाही. बौद्धवाड्यातून येणाऱ्या बाईच्या हातून औषध घेताना लोकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे वैद्य कधी बोलले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही. समजायचं ते समजत होतंच.

वैद्य गेले, दवाखाना बंद झाला. मग सोनमनं शब्द टाकून आजीला सेंटरवर मालिशीचं काम मिळवून दिलं. मालक पृथ्वीराज, तिशीचा, बोलायला गोड. आठ रविवार कॉम्प्युटरसमोर बसून त्यानं परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा कोर्स केला होता, आणि तो फोटो, ती यादी, सगळं तिकडूनच आलं होतं. तानूबाईनं दोनदा कुरकुर केली. दोन्ही वेळा तो हसला. तीही गप्प बसली, कारण तिच्या तोंडापायी नातीचं काम जायला नको होतं.

त्या शनिवारी अकराच्या सुमाराला वर्षाराणी बाई आल्या. हायस्कूलात शिकवायच्या. मालिशीच्या टेबलावर पालथं पडल्या पडल्या त्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली. तळपायांची आग होते, डोळ्यांत चटणी गेल्यागत चुरचुरतं. काल वर्गात वह्या तपासताना नाकाचा घोळणा फुटला, पोराच्या वहीवर रक्त सांडलं. आज सकाळी पुन्हा फुटला. तानूबाईचे तेलानं माखलेले हात जागच्या जागी थांबले. आता ह्या बाईंना वीस मिनिटं वाफेत कोंडायचं? माणूस बरं करायला बसलोय की उकडायला?

हात पुसत ती तडक पुढच्या खोलीत आली. तिथं चार गिऱ्हाइकं बसली होती, काउंटरशी पृथ्वीराज उभा होता. तिनं सरळ सांगितलं, बाईंचा घोळणा फुटलाय, त्यांना पेटीत बसवायचं न्हाय. पृथ्वीराजनं आवाज खाली घेतला. यादी शिकलेल्या माणसांनी केलीय, ऑटममध्ये हवा कोरडी होते, वात वाढतो, त्याला तेल आणि ऊबच लागते, असं पाठ केल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं. आणि शेवटी म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त हात चालवा. डोकं चालवायला आम्ही हाय की."

आतून दुसऱ्या मुलीला त्यानं हाक मारली, बाईंना पेटीत बसव म्हणून. सोनम काउंटरमागून आजीकडं बघून मान हलवत होती, नको बोलू, नको बोलू. तानूबाईला ते दिसलं. आपण तोंड उघडलं तर दोघी घरी बसणार, हेही कळलं. पण आत एक बाई उकडायला निघाली होती, आणि हिनं हात चालवायचे म्हणे!

ती भिंतीपाशी गेली आणि फोटोतल्या बाईच्या छातीवर बोट ठेवलं.

"हिच्या अंगात काय हाय, साहेब?"

"स्वेटर," पृथ्वीराज म्हणाला.

"आन तुमच्या पाठीला काय हाय?"

चारी गिऱ्हाइकांनी त्याच्या पाठीकडं बघितलं. पंखा चालू असून शर्ट घामानं चिकटला होता. तानूबाईचा आवाज आता आतल्या खोलीपर्यंत जात होता. "हे सगळं त्या थंडीतल्या माणसांसाठी लिवलंय. तिकडं त्यांचं बरोबर असंल. हिकडं उन्हानं माणसाच्या नाकातनं रगात यायलंय आन तुम्ही वाफ देताय. आजार रेड्याला आन औषध पखालीला!"

वर्षाराणी बाई अंगाभोवती चादर गुंडाळून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पेटीत बसल्याच नव्हत्या. पृथ्वीराजचा चेहरा उतरला, पण धंद्याचं माणूस, लगेच सावरलं. खिशातनं फोन काढून त्यानं तानूबाईसमोर धरला. मीही तेच म्हणत होतो, म्हणाला. मावशी, ऑक्टोबरात काय करायचं ते सगळं नीट सांगा, रेकॉर्ड करतो, सोमवारी आपल्या सेंटरच्या नावानं नवी यादी लावू.

तेच म्हणत होता! तानूबाईला क्षणभर हसावं की रडावं कळेना. एकतीस वर्षं पडवी, आणि आता हा फोन. तिनं ॲप्रन काढला, घडी घातली आणि काउंटरवर ठेवला.

"डोकं तुम्हीच चालवा, साहेब," ती म्हणाली. "मी फक्त हात चालवती."

जिना उतरताना मागं चपला वाजल्या. सोनम पर्स घेऊन येत होती, आणि तिच्या मागं घाईघाईनं साडी नेसलेल्या वर्षाराणी बाई. खालच्या पायरीवर तानूबाई थांबली आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली. आधी डॉक्टरकडं जाऊन बीपी बघा, ते पहिलं. मग रात्री धने भिजत घाला, सकाळी ते पाणी गाळून प्या. दूध-तूप, मूग, दुधी, आवळा खावा. दही बंद. दुपारचं ऊन बंद. आणि तांबडा रस्सा महिनाभर शेजाऱ्याला. बाई पहिल्यांदाच हसल्या, पण पर्समधला कागद काढून सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, शाळेत कुणी विचारलं तर कुणी सांगितलं म्हणू?

"तानूबाईनं म्हणून सांगा," ती म्हणाली. "आन माझ्या घरचा पत्ता बी द्या."